राणीचं वजन

९ जानेवारी

दादा,

मायना काय लिहावा यात अर्धी सकाळ गेली, म्हणून मायना नाहीच. मी ठमी, तुझी एकुलती एक बहीण. अक्षरावरून ओळखलंच असशील, इतकं वाईट अक्षर आपल्या घरात दुसऱ्या कुणाचं नाही.

तू गेल्यापासून तुझी दोन कार्डं आली. एक पत्ता कळवायला, दुसरं लग्न केल्याचं. दोन्ही माझ्या नावाने. मी दोन्हींना उत्तर दिलं, तू पुढे गप्प. असू दे. भांडण तुझं आणि बाबांचं आहे, त्यात मला कुणी धरू नका. आज लिहिते ती कामासाठी.

कारखाना आहे तसाच आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला हातांचा ढीग, उजव्या हाताला पायांचा. नवा पोस्टमन अजूनही उंबऱ्यावरूनच टपाल फेकतो आणि पळतो. मधोमध राणी उभी. बाबांनी तुझ्यामाझ्या जन्माआधी केलेला तो एकच साचा, आणि त्यातून निघालेल्या राण्या गावातल्या प्रत्येक कापडदुकानाच्या काचेत. हल्ली मागणी कमी झाली आहे. बाहेरून हलके, स्वस्त पुतळे येतात. पण ते राहू दे.

काल बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या होत्या. पर्स टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बाई येते, काचेतला ड्रेस बघते, हरखते. आत येऊन तोच घालते आणि रडवेली होऊन बाहेर पडते. ड्रेस चांगला आहे हो. तुमची राणी वाईट आहे. एप्रिलमध्ये नवं दुकान उघडतेय. मला चार पुतळे हवेत, माझ्या गिऱ्हाइकांसारखे. डोकी नसली तरी चालतील."

बाबा म्हणाले, "आमच्याकडे बाई एकच मिळते."

आणि फायबरचा डबा शोधायला आत निघून गेले. डबा समोरच होता. तेवढ्यात मी बाईंना हो म्हणून टाकलं.

आता तुला कळलंच असेल मी कशाला लिहितेय. आई गेल्यावर तू तिच्यासारखा मातीचा पुतळा केला होतास. तेव्हा बाबा जे म्हणाले ते मीही ऐकलं होतं. 'जाडी बाई कोण विकत घेणार?' मग हातोडा, आणि त्याच दुपारी तू पिशवी भरलीस. मी ते उकरत नाही. मला एवढंच सांग की साधारण बाई दिसते कशी? तू तिकडे खऱ्या माणसांना हात-पाय करून देतोस, तुला माहीत असणार. मी फक्त साचे भरायला आणि घासायला शिकले. माती कधी हातात घेतली नाही.

बाबा ठणठणीत आहेत.

ठमी


२६ जानेवारी

दादा,

पाकीट मिळालं. एक पान, त्यावर तीन चित्रं आणि खाली दोन ओळी. 'साधारण बाई नावाची बाई नसते. आधी मोज, मग माती लाव.' ख्यालीखुशालीचा चकार शब्द नाही. तू बदलला नाहीस, बरं वाटलं.

चित्रं कामाच्या टेबलावर चिकटवली. बाबांनी विचारलं, कुणाची? म्हटलं, जुन्या मासिकातली. बराच वेळ समोर उभे होते. मग म्हणाले, "मासिकवाल्याला गुडघा कळतो."

तर मोजायचं. पण काय मोजायचं? समोरच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत, तुझ्या वेळी नव्हत्या. आवाज असा की पेशंट आत शिरतानाच अर्धा बरा होतो, उरलेला अर्धा घाबरतो. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय? वजन घ्यायचं किलोत, उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीनेच गुणायचं आणि जे येईल त्याने वजनाला भागायचं. साडेअठरा ते पंचवीस आलं तर ठीक. खाली गेलं तर खायला घाला. फार वर गेलं तर माझ्याकडे पाठवा."

मी सहज बोलून गेले, "मग आमच्या राणीचा आकडा किती?"

सिस्टरांचे डोळे चमकले. राणी आतून पोकळ, तिला काट्यावर ठेवून काय उपयोग? पण त्या म्हणाल्या, "साचा आहे ना? पाण्याने भरू. माणूस जवळजवळ पाण्याइतकाच जड असतो, म्हणून तर कसाबसा तरंगतो. जितकं लिटर तितके किलो."

बाबा बाजारात गेले होते. आम्ही दोघींनी साच्याचे अर्धे अर्धे भाग जमिनीवर उताणे ठेवले आणि बादलीने पाणी ओतत सुटलो. धड, मग पाय, मग हात, मग डोकं. राणी हळूहळू भरत होती आणि सिस्टर लिटर मोजत होत्या, जशी काही दूधवाल्याची बायकोच. पाठीच्या साच्याला तडा आहे हे मला माहीत होतं. केवढा आहे ते माहीत नव्हतं. मी बोटांनी चीर दाबून धरली, सिस्टरांनी पदर खोचला, आणि शेवटी हिशेब लागला. दहा लिटरच्या चार बादल्या आणि वर तीन लिटर. त्रेचाळीस किलो. उंची एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. आकडा साडेतेरा.

"साडेतेरा?" सिस्टरांनी दोनदा भागाकार केला.

त्याच वेळी तडा फाकला. बाबा दारात पोचले तेव्हा पाणी त्यांच्या स्वागताला उंबऱ्यापर्यंत गेलं होतं, आणि त्यांच्या घरातल्या चपला पाण्यावर पुढे निघाल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

मी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमची ही बाई जिवंत असती ना, तर मी हिला ड्रेस घातला नसता. सलाईन लावली असती."

"पुतळ्याला भूक लागते का?"

"पुतळ्याला नाही लागत. काचेबाहेरच्या पोरींना लागते. परवाच एक आली होती चक्कर येऊन. सकाळपासून पोटात काही नाही. का, तर कंबर."

बाबांनी काठीने चपला ओढून घेतल्या, पायात घातल्या आणि पचक पचक करत वर गेले. तेव्हापासून माझ्याशी थेट बोलणं बंद आहे. राणीला सांगतात, "हिला म्हणावं, चहात साखर कमी आहे." मीही राणीलाच सांगते, "यांना म्हणावं, डबा शेजारीच आहे."

तुझ्या तिसऱ्या चित्रातला खांदा मला कळला नाही. जरा मोठा काढून पाठव. आणि हो, काठी मी लिहून गेले खरी. चालताना नाही लागत, उगाच जवळ ठेवतात.

ठमी


१३ फेब्रुवारी

दादा,

मोठा खांदा मिळाला. खाली 'वहिनी विचारते, तू कशी आहेस' असं लिहिलं आहेस. तू नाही विचारलंस, वहिनीने विचारलं. वहिनीला सांग, मी मजेत आहे आणि ती माझी आवडती झाली आहे.

रविवारी मोजणी झाली. सिस्टरांनी दवाखान्यातून काटा आणला आणि उंची मोजायची पट्टी आपल्या भिंतीला ठोकली. मला वाटलं होतं चार-पाच जणी आल्या तरी खूप. अरे, गल्ली लोटली! बायका वजन सांगायला लाजतील असं मला वाटलेलं. पण एकटीने लाजायचं असतं, घोळक्यात कसली लाज? काट्यावर चढताना एकीने चपला काढल्या, दुसरीने बांगड्या, तिसरीने चष्मा. सिस्टर म्हणाल्या, "बाई, चष्म्याने काय फरक पडतो?" ती म्हणाली, "आकडा दिसत नाही, हा फरक पडतो."

पुरुषांना आत बंदी. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून, पेपर उलटा धरून बसले होते. मी चहाचे कप बाहेर दिले, त्यांनी ते रांगेतल्या बायकांना दिले. एक फुटला. कप जुनाच होता.

आता खरी गंमत ऐक. बेकरीवाली बुटकी, गोल, गालावर खळी. पोस्टातली बाई तिच्याहून वीतभर उंच आणि ताडताड चालणारी. दोघींचा आकडा एकच आला, सत्तावीस. बेकरीवालीला पटेना. "ही एवढी लांबलचक, मी एवढीशी, आणि आम्ही सारख्या?" सिस्टरांनी पुन्हा भागाकार केला. सत्तावीस. मी दोघींना शेजारी शेजारी उभं केलं आणि टेप घेतली. एकीचं सगळं कमरेच्या वर, दुसरीचं सगळं कमरेच्या खाली. एकीचे दंड भरलेले, दुसरीच्या मांड्या दगडासारख्या, सायकल मारून मारून.

"म्हणजे तुमचा आकडा खोटं बोलतो," पोस्टातली म्हणाली.

"खोटं नाही बोलत, कमी बोलतो," सिस्टर म्हणाल्या. "किती आहे ते सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. हाडं किती, चरबी किती, तेही नाही. घोळक्याचा अंदाज घ्यायला चांगला. एकट्या माणसाला नुसता इशारा."

मग त्यांनी सुतळीचं बंडल काढलं. आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती फिरवायची. टोकाला टोक भिडलं तर ठीक, नाही भिडलं तर जरा चालायला लागा. झालं! कारखानाभर सुतळ्या. कुणी पोट आत घेतंय, कुणी दुसरीची सुतळी पळवतंय. शाळेतल्या बाई, एरवी हसायचे पैसे पडतात असा चेहरा, त्यांची सुतळी कमरेभोवती फिरून वर गाठ मारण्याइतकी उरली. त्यांचा आकडा एकोणीस. बेकरीवाली त्यांना म्हणाली, "बाई, उद्यापासून रोज एक बनपाव माझ्याकडून," आणि त्या चक्क हसल्या. दात छान आहेत त्यांचे. मला आजवर माहीत नव्हतं.

शेवटी सगळ्या माझ्याकडे वळल्या. मलाही काट्यावर चढवलं. आकडा तुला सांगणार नाही. सुतळी भिडली नाही एवढंच सांगते.

तर चार जणी ठरल्या. बेकरीवाली, पोस्टातली, शाळेतल्या बाई आणि चौथी अजून गुलदस्त्यात. उद्यापासून माती.

सगळ्या गेल्यावर बाबा आत आले. भिंतीवरच्या पट्टीकडे बघत राणीला म्हणाले, "फार हसत होत्या."

ठमी


३ मार्च

दादा,

हे पत्र नीट वाच आणि लगेच उत्तर दे.

माती जमत नाही. तुझी सगळी चित्रं समोर आहेत, मापं मिलिमीटरपर्यंत आहेत, सळ्यांचा सांगाडा मी बरोबर वाकवला. टेप लावली की आकडा जुळतो, लांब जाऊन बघितलं की बाई नाही. काल खरी बेकरीवाली बघायला आली. चारी बाजूंनी फेरी मारली आणि म्हणाली, "छान झालंय गं. पण पोतं कसलं आहे?"

मी स्टुलावर बसून हसले, मग हसता हसता रडले. ती बिचारी बनपाव ठेवून गेली.

बाबा जिन्यावरून बघत होते. खाली आले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा राणीला न सांगता मला म्हणाले, "खांदा असा असतो? बाई पावाचे ट्रे उचलते आयुष्यभर. तिचा उजवा खांदा खाली असणार. सरक."

आणि मातीला हात लावला.

दादा, मी तुला खोटं लिहीत आले. ते ठणठणीत नाहीत. त्यांचा हात थरथरतो. गेल्या वर्षीपासून. कप त्यांच्याच हातून फुटला आणि काठी चालतानाच लागते. डोकं मात्र चोख आहे, आणि नजर तर पूर्वीपेक्षा तिखट. पण अंगठा मातीवर ठेवला की माती खरवडली जाते. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग हात मागे घेतला आणि फडक्याने एकेक बोट पुसत बसले.

म्हणाले, "मोजमाप झालं की पुढे हात लागतो. माझा गेला. ज्याचा आहे त्याला बोलव."

"कुणाला?" मी मुद्दाम विचारलं.

"त्या मासिकवाल्याला."

मी टेबलावरच्या चित्रांकडे बघितलं. ते म्हणाले, "मला काय मुलाची रेघ ओळखू येत नाही?"

मग मी विचारलंच. एवढी वर्षं विचारलं नव्हतं. म्हटलं, बाबा, त्या दिवशी आईचा पुतळा का फोडलात? तिला जाडी का म्हणालात?

त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, त्यात माझा एकही शब्द नाही.

"तिला जाऊन वर्ष झालं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर समोर उभी. तशीच, एका पायावर भार टाकून. मी चहा मागणार होतो तिच्याकडे. तोंड उघडलं होतं मी. मग दिसलं की माती आहे. इतकं हुबेहूब केलं होतं त्याने. आणि म्हणतो काय, बाबा, याचा साचा काढू, दुकानांना देऊ. तिला कुणाच्या तरी काचेत उभी करायची? रोज कपडे बदलायला नोकर? मला ते बोलता आलं नाही. तोंडातून भलतंच आलं. जाडी बाई कोण घेणार. दुकानदाराचं वाक्य. दुसरं वाक्य सापडलंच नाही. आणि तो गेला."

दादा, तुला इतकी वर्षं वाटलं की त्यांना तो पुतळा आवडला नाही.

ये. नवं दुकान एप्रिलच्या मध्याला उघडतंय. रजा मिळत असेल तर महिनाभराची काढ. मी सांगाडे तयार ठेवते, माती भिजवून ठेवते, वरची खोली झाडून ठेवते. भाडं नको विचारूस.

तुझी ठमी


२० एप्रिल

दादा,

तू पोचल्याचं वहिनीने कळवलं. तू नाही. असो, आता मला सवय झाली.

महिनाभर तू इथेच होतास, त्याबद्दल तुलाच काय सांगायचं? पण तुला जे दिसलं नाही ते सांगते.

तू आलास त्या दिवशी बाबा बस थांब्यावर उभे होते आणि तुला म्हणाले, पॉलिशपेपर घ्यायला आलो होतो. त्या थांब्याजवळ पॉलिशपेपरचं दुकान नाही. ते सकाळच्या पहिल्या गाडीपासून तिथे होते. त्याआधी न्हाणीघरात मोठमोठ्याने वाक्यं पाठ करत होते. 'प्रवास बरा झाला का?' 'आलास ते बरं केलंस.' एक तर फार लांबलचक होतं, मध्येच अडले. आणि प्रत्यक्षात तू उतरल्यावर काय म्हणाले? "गुडघा बरा काढतोस." पाठ केलेलं एकही वाक्य नव्हतं ते. मी मागे पिशवी घेऊन उभी होते, मला हसूही येईना आणि रडूही.

तू माती लावत होतास आणि ते स्टुलावर बसून 'डावीकडे, जरा कमी, अजून कमी, थांब' करत होते तेव्हा मी दोनदा उगाच आत डोकावले. काम काहीच नव्हतं. मला नुसतं ऐकायचं होतं. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पोस्टातलीच्या पोटरीवरून भांडलात. तू म्हणालास, "बाबा, सायकल चालवणाऱ्याची पोटरी मी रोज बघतो." ते म्हणाले, "मी तुला दांडीवर बसवून सायकल चालवायचो." तू घाबरून माझ्याकडे बघितलंस, पुन्हा तेच सुरू होतंय की काय! दादा, ते भांडून झाल्यावर जिन्यात शीळ घालत होते.

आणि तू लेकीचं सांगितलंस, पाच वर्षांची आहे, शाळेत जाते, डावखुरी आहे, तेव्हा ते उठून बाहेर गेले. तुला वाटलं, चिडले. ते भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. परत आत आले आणि प्लास्टरबद्दल बोलायला लागले. प्लास्टरला काहीही झालेलं नव्हतं.

आता दुकानाचं सांगते. तू गेल्यावर फायबर भरलं, घासलं, रंग दिला, आणि मी आणि सिस्टर हातगाडीवरून चौघींना घेऊन गेलो. रस्त्याने लोक वळून वळून बघत होते. मालकीणबाईंनी कपडे घातले आणि परदा सरकवला.

बेकरीवाली सगळ्यांत पुढे होती. काचेला नाक लावून उभी राहिली. मग एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. "अगं, ही मी! हा माझा खांदा! बघा, बघा, उजवा खाली!" रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना धरून धरून दाखवत होती. पोस्टातलीने हाताची घडी घालून स्वतःच्या पोटऱ्या न्याहाळल्या आणि म्हणाली, "मागून मी एवढी बरी दिसते हे मला कुणी सांगितलं का नाही?" शाळेतल्या बाई गर्दीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी पुतळ्यावरचा तोच निळा ड्रेस विकत घेतला आणि घालूनच घरी गेल्या.

चौथीबद्दल तू गप्प राहिलास, मीही राहिले. मला वाटलं होतं तू माझं पोट जरा आत घेशील, भाऊ आहेस म्हणून. मिलिमीटरभर नाही घेतलंस. काचेसमोर उभी राहिले तेव्हा आधी कान गरम झाले. मग शेजारी एक ओळख ना पाळख अशी बाई येऊन उभी राहिली, माझ्यासारखीच रुंद. चौथीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "तो हिरवा घेऊ या. मला चांगला दिसेल." आणि आत गेली. बाहेर आली ती पिशवी घेऊन, हसत.

माझा आकडा सांगून टाकते. एकतीस. सिस्टर म्हणतात, थोडा खाली आणलास तर गुडघे आभार मानतील. रोज संध्याकाळी पोस्टातलीबरोबर चालायला जाते. ती चालते, मी पळते.

बाबा रस्त्यापलीकडे छपराखाली काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. बराच वेळ बघत होते. घरी आले, जेवले, आणि प्लास्टर कालवायला बसले. म्हटलं, आता कशाला?

"राणीला जेवायला घालतो," म्हणाले.

खरंच! प्लास्टर थापायला हात थरथरला तरी चालतो. रोज थोडं कमरेवर, थोडं दंडावर, थोडं गालावर. सिस्टर येता जाता विचारतात, "काय काका, पेशंट कसा आहे?" बाबा गंभीरपणे सांगतात, "आज दोन घास जास्त गेले." काल पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून सिस्टरांना चहा दिला. साखर घालून.

तुझी ठमी


८ मे

दादा,

आज घाईत लिहितेय. अजून एक मागणी आली. शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे, त्यांना लहान मुलांचे पुतळे हवेत. बाबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं, मला न विचारता. मी डबा शोधायला आत गेले नाही.

सिस्टर आल्या आणि सांगून गेल्या की मुलांना मोठ्यांचा आकडा लावायचा नाही. भागाकार तोच, पण ठीक काय नि काळजीचं काय, ते वयाप्रमाणे बदलतं, म्हणून त्यांचा वेगळा तक्ता असतो. आणि घडणच निराळी. मोठ्या माणसाच्या उंचीत त्याचं डोकं साडेसात वेळा बसतं, पाच वर्षांच्या पोराच्या उंचीत सहा वेळासुद्धा नाही. बाबांनी मान डोलावली. जाणकारासारखी. मग बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले.

"त्याची पोरगी पाच वर्षांची ना?"

"हो."

"उंची किती असेल?"

"विचारते पत्रात. वजनही विचारते. वहिनी मोजून पाठवेल."

"डोकं, खांदे, हाताची लांबी. सगळं लागेल."

"सगळं विचारते, बाबा."

मी एवढं लिहीपर्यंत ते माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. आता म्हणतात, सरक, मी लिहितो. तीन कागद फाडून झालेत. त्यांनाही मायना जमत नाही, घराण्याचाच दोष दिसतो. हा चौथा कागद त्यांचा. अक्षर लागलं नाही तर वहिनीला वाचायला दे.

ठमी


मापं पत्राने पाठवू नकोस. मुलं वाढत असतात. पत्र इथे पोचेपर्यंत आकडा चुकलेला असतो.

शाळेला सुट्टी आहे तोवर पोरीला घेऊन ये. सूनबाईंनाही आण. वरची खोली ठमीने झाडली आहे, खिडकीची कडी मी बसवली.

तिचं माप मी घेणार. हात थरथरतो, पण टेपचं एक टोक ती धरेल.

बाबा